साहेबांना पास करताना

साहेबांना व्याख्या पाठ होत नसत. होत नसत म्हणण्यापेक्षा ते त्या होऊ देत नसत. गैरहजेरी म्हणजे कामगारासाठी काम उपलब्ध असताना त्याने पूर्वपरवानगीशिवाय कामावर न येणे. एवढं एक वाक्य. साहेब 'पूर्वपरवानगीशिवाय'पर्यंत बरोबर यायचे, तिथे थांबायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "पण बेटा, एखाद्याचा बाप काय परवानगी घेऊन मरते?"

मी पुस्तक मिटायचे. मग काकू, म्हणजे साहेबांची बायको, आतून बशीत काहीतरी घेऊन यायच्या आणि अभ्यास तिथेच संपायचा. असे किती रविवार गेले ते आता आठवलं तरी डोकं दुखतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत मी टाइम ऑफिसमध्ये कारकून होते. कामगार किती वाजता आत आला, कोणाचा खाडा झाला, कोणाच्या जागी बदली कामगार घेतला, हे सगळं मस्टरवर चढवायचं माझं काम. साहेब आमचे लेबर ऑफिसर. गेटवरचा साधा कारकून म्हणून लागले आणि वर सरकत सरकत त्या खुर्चीत येऊन बसले. पन्नाशी ओलांडली होती. खुर्चीसाठी एखादी परीक्षा असते हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

मग एक नवा फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. त्याने साहेबांना त्यांचं प्रमाणपत्र दाखवायला सांगितलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात या जागेवर बसायला कामगार कल्याणाची पदविका लागते, असा कायदा आहे. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एका कापूस व्यापाऱ्याचं कॅलेंडर होतं आणि देवीचा फोटो होता. "गेटवरच म्हातारा झालो साहेब," ते म्हणाले. इन्स्पेक्टरने ते लिहून घेतलं नाही. दुसरं काहीतरी लिहिलं आणि गेला.

मॅनेजरने बोलावून सांगितलं की दोन वेळा परीक्षेला बसता येईल, फी मिल भरेल. दोन्ही वेळा नापास झाले तर त्या खुर्चीवर पास झालेला माणूस येईल आणि साहेबांनी स्टोअरमध्ये जायचं. स्टोअर म्हणजे मिलच्या मागच्या अंगाला बॉबिन, पट्टे आणि ग्रीसचे डबे. तिथे सबंध दिवसात चार माणसं येतात. ज्या माणसाला गेटवर दोनशे माणसांशी बोलल्याशिवाय सकाळ झाली असं वाटत नाही, त्याला ग्रीसच्या डब्यांत बसवायचं. ही शिक्षा आहे हे मॅनेजरलाही कळत होतं. तो म्हणाला, "आप पास हो जाइए, बस."

साहेब माझ्या टेबलाशी आले. "मले एकट्याले लाज वाटते बेटा. तू बी बस परीक्षेले. सोबत होईल."

सोबत म्हणून माणूस यात्रेला जातो, दवाखान्यात जातो. सोबत म्हणून कामगार कायद्याच्या परीक्षेला बसणारी या जिल्ह्यात मी एकटीच असेन. पण त्यांनीच मला या नोकरीवर घेतलं होतं, आणि नाही म्हणायचं त्या क्षणी सुचलं नाही. नंतर दोन वर्षं रोज सुचत होतं.

पुस्तकांचं पार्सल पोस्टाने आलं. अर्धी पुस्तकं इंग्रजीत होती, ती बरी होती. मराठीतली वाचवत नव्हती. 'यथास्थिति', 'परंतुक', 'परंतु आणखी असे की'. एक वाक्य पान उलटून पुढे जायचं आणि शेवटी क्रियापद सापडायचं तेव्हा सुरुवातीला कोण काय करत होतं ते विसरलेलं असायचं. पेपर मराठीत लिहायची मुभा होती म्हणून साहेबांनी मराठी घेतलं. पहिला धडा वाचून म्हणाले, "हे आपल्याच भाषेत हाये ना?"

पण खरी अडचण भाषेची नव्हती. पुस्तकात जे लिहिलं होतं आणि आमच्या मिलमध्ये जे चालायचं, ते एकमेकांना ओळखत नव्हतं.

आमच्याकडे रजेचा अर्ज म्हणून काही प्रकारच नव्हता. छापील अर्जांचा गठ्ठा माझ्या कपाटात होता, पण त्याचा उपयोग चहाच्या कपाखाली ठेवायला व्हायचा. कामगार आजूबाजूच्या गावांतून यायचे. पहिल्या पाळीच्या आधी अल्लीपूरची बस यायची, मग इतर गावांच्या यायच्या, आणि त्या गाड्यांतून माणसांबरोबर न आलेल्या माणसांचे निरोपही यायचे. साहेब गेटच्या आत, कडुनिंबाखाली उभे असायचे. उतरणारा माणूस चालता चालता सांगायचा, "साहेब, त्याच्या सासऱ्याले बरं नाई, तो आर्वीले गेलता रात्रीच." साहेब विचारायचे, "कोणता सासरा? पहिल्या बायकोचा का आताचा?" असं सगळं खोदून विचारून झालं की उलटा निरोप जायचा. "त्याले सांगजो, सासरा उठून बसला की येजो."

आणि निरोपही आला नाही, माणूस आठ-दहा दिवस दिसलाच नाही, तर साहेब रविवारी स्कूटर काढून त्याच्या घरी जायचे. तिथे जाऊन ते काय करतात हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "चहा पितो." कामाचं काही बोलत नाही म्हणाले. पाऊसपाणी, कपाशी, पोरांची शाळा. उठताना चप्पल घालता घालता म्हणायचं, "उद्या येजो." बहुतेक जण येत. काही येत नसत. एकाला साहेबांनी तीनदा आणला आणि तिन्ही वेळा तो पळाला. चौथ्यांदा निघाले तेव्हा मी म्हटलं, आता पुरे.

हे सगळं ऐकायला चांगलं वाटतं. मला विचारा. मस्टर मी लिहायचे. सकाळी लाल शाईने खाडा मांडायचा, दुपारी साहेब येऊन सांगायचे की त्याच्या घरी दुखवट्याला पाहुणे आलेत, रजा लाव. मग तिथे खाडाखोड, खाडाखोडीवर साहेबांची सही. महिन्याच्या शेवटी ते पान पाहून पगार विभागातला माणूस माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच लोकांचे सासरे आजारी पाडते. साहेबांची माया आणि माझी शाई.

तर अशा माणसाला मला शिकवायचं होतं की गैरहजर कामगाराला प्रथम रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर नोटीस पाठवावी.

"शेवटचा ज्ञात पत्ता काऊन?" साहेब विचारायचे. "त्याचं घर काय पळून गेलं?"

"साहेब, पुस्तकात आहे ते लिहायचं."

"आन त्याले वाचता येत नाई, त्याचं काय?"

"ते परीक्षक बघेल."

"परीक्षक अल्लीपूरले जाईल?"

काकू कूलरसमोर पंगतीसारखं मांडून ठेवायच्या. सांबारवडी, चिवडा, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं. साहेब खाताना सुखात असायचे आणि सुखात आले की वाद घालायचे. माणसाच्या गरजांची एक उतरंड पुस्तकात होती. तळाला अन्न, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान, असं वर वर. खालचं मडकं भरल्याशिवाय माणूस वरच्याकडे बघत नाही, असं पुस्तकाचं म्हणणं. साहेबांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आपल्याकडे माणूस सहा महिने कोरडी भाकर खाते, आन पोरीच्या लग्नात अख्ख्या गावाले जेवू घालते. त्याचं मडकं कुठं ठेवू, सांग."

मला राग यायचा. मी म्हणायचे, "साहेब, पाच मार्कांचा प्रश्न आहे. मडकं जिथे आहे तिथे राहू द्या."

त्यात भर म्हणजे माणसं. रविवारी साहेबांच्या ओसरीवर दोघं जण कायद्याची पुस्तकं उघडून बसलेले दिसतात म्हटल्यावर सगळं गाव आपापलं गाऱ्हाणं घेऊन यायला लागलं. कोणाचा फंड अडकलेला, कोणाला जिनिंगमधून काढलेलं, एक जण तर शेजाऱ्याच्या नालीचं पाणी आपल्या अंगणात येतं हे सांगायला आला. मी सांगायचे की ही नगरपरिषदेची बाब आहे. साहेब सांगायचे, "बस. चहा घे." नालीचा प्रश्न तासभर चालला आणि औद्योगिक विवाद कायदा तसाच राहिला.

परीक्षा नागपूरला जूनमध्ये होती. पाऊस आलेला नव्हता, बसच्या खिडकीच्या सळईला हात लावला तर भाजत होता. चार पेपर. पहिले तीन बरे गेले. चौथ्यात प्रश्न आला. एक कामगार दहा दिवस विनापरवानगी गैरहजर आहे, आपण कोणती कार्यवाही कराल? मी वाचला आणि मला बरं वाटलं. हाच आम्ही सगळ्यात जास्त वेळा केला होता. नोटीस, आरोपपत्र, चौकशी अधिकारी, सुनावणी, निष्कर्ष, पुन्हा कारणे दाखवा. मी ओळीने लिहून टाकलं.

साहेब बाहेर आले ते घामाने भिजलेले आणि खूश. मला लगेच संशय आला.

"तो गैरहजरवाला कसा लिहिला?" मी विचारलं.

"एकदम झक्कास. तीन पानं लिहिली."

"नोटीस लिहिली ना आधी?"

"नोटिशीचं नंतर लिहिलं थोडं. आधी लिहिलं का त्याच्या गावच्या माणसाले विचारा. मग लिहिलं, घरी जाताना दुपारची वेळ धरू नका, घरी बाईच राह्यते. चहाले नाई म्हणू नका. चूल पेटली हाये का ते पाहा, नाई पेटली तर त्याचा अर्थ वेगळा."

मी नागपूरच्या त्या शाळेच्या फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, त्यांच्यावर ओरडले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, माझा वरिष्ठ. मी म्हटलं, तिथे मुंबईत बसलेल्या परीक्षकाला तुमची चूल तपासायची आहे का? तिथे मार्क मिळवायचे होते, तुम्ही गोष्ट सांगून आलात.

"तू काऊन ओरडून राह्यली?" साहेब म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "त्यानं विचारलं, आपण काय कराल. मी काय करतो ते लिहिलं."

ऑगस्टमध्ये निकाल आला. मी पास. साहेब तीन पेपरांत पास, चौथ्यात नापास.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते चीड म्हणूनच. कारण आता मिलमध्ये पास झालेला माणूस होता, आणि तो टाइम ऑफिसात बसून मस्टर लिहीत होता. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. एवढ्या वर्षांत त्याने मला कधी बसायला सांगितलं नव्हतं. म्हणाला, साहब को एक मौका और है, उसके बाद बाहर से लाने की ज़रूरत नहीं. म्हणजे ती खुर्ची माझी.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मिलला माहीत. कँटीनवाला मला आपणहून बिस्कीट देऊ लागला. रिंग खात्यातला एक जॉबर, म्हणजे मुकादम, हसून म्हणाला, "मॅडम, साहेबाले जरा कमीच शिकवजा." घरी नवऱ्याचं जनरल स्टोअर होतं, दिवसभर काउंटरवर बसून सगळ्या गावाच्या बातम्या त्याच्याकडे फुकट यायच्या. तो जेवताना म्हणाला, "लोक विचारून राह्यले का तू त्याले काऊन शिकवते. तो नापास झाला तर तुझंच भलं हाये." तो वाईट मनाने म्हणाला नाही. हिशोबाने बोलला. दुकानदार माणूस.

आणि काकू. त्या रविवारी मी गेले तर त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. बशी नाही, काही नाही. साहेब अंघोळीला गेले होते. काकू म्हणाल्या, "एक विचारते, राग मानू नको. तुह्या मनात काही असलं तर आताच सांग. मी त्यांना सांगीन, स्वतःच वाचत जा म्हणून. तुले बी यायचा त्रास नाई."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला. मी सरळ सांगितलं. म्हटलं, काकू, मला ती खुर्ची हवी आहे. का नको? मी पास झालेली आहे. पण ती साहेब रिटायर झाल्यावर हवी आहे. त्यांना ग्रीसच्या डब्यांत पाठवून मला तिथे बसता येणार नाही, सकाळी गेटमधून आत येता येणार नाही. काकू उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने तेलाचा वास आला.

मग मी ठरवलं की हा माणूस पास झालाच पाहिजे. दयेने ठरवलं नाही, चिडून ठरवलं. मला कोणाच्याही तोंडून 'कमीच शिकवजा' ऐकायचं नव्हतं. मी नियम केला. मी प्रश्न विचारायचा, साहेबांनी पुस्तकातलं उत्तर द्यायचं. त्यांनी मिलचं नाव काढलं, कोणत्या कामगाराचं, कोणत्या सासऱ्याचं नाव काढलं, की मी पुस्तक मिटून घरी जाणार.

पहिल्याच रविवारी त्यांनी नाव काढलं. मी उठले. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, वेणा नदीच्या पुलापर्यंत चालत आले. मागून स्कूटर आली. साहेब म्हणाले, "बस मागं. नाई काढत नाव." मी म्हटलं, शपथ घ्या. त्यांनी पुलावर शपथ घेतली. नदीचं पाणी गढूळ होतं, तरी घेतली.

त्यानंतर ते सुधारत गेले. आधी उत्तर देताना तोंड वाकडं करायचे, मग तेही थांबलं. गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांना काकू दारातूनच परत पाठवायला लागल्या. डिसेंबरमध्ये साहेब मला पायऱ्या सांगत होते, मध्ये एकही प्रश्न न विचारता. नोटीस. मुदत. उत्तर न आल्यास आरोपपत्र. पत्र स्वीकारण्यास नकार दिल्यास ते बजावले गेले असे समजावे. मी म्हटलं, "बरोबर." ते म्हणाले, "पुढचं विचार." मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी स्वतःसाठी गजरा घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात, दुसऱ्या वेळी, पेपर त्यांचा एकट्याचा होता, तरी मी सोबत गेले. आता सोबत म्हणून माझी पाळी. शाळेच्या फाटकासमोर रसवंती होती, तिथे बाकावर तीन तास बसले. उसाच्या चरकाच्या घुंगरांचा आवाज अजून डोक्यात आहे. साहेब बाहेर आले. ना खूश, ना नाराज. पाणी प्यायले.

"आला होता का?"

"आलता. थोडा फिरवून विचारला होता."

"काय लिहिलं?"

"पुस्तकातलं," साहेब म्हणाले. "जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडं नाई."

मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होते. आम्ही स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले आणि त्यांनी तर्री दुसऱ्यांदा मागितली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं होतं. पण उन्हाचे दिवस, म्हटलं पोटाची काळजी घेत असतील.

ते पास झाले. चौथ्या पेपरात माझ्यापेक्षा जास्त मार्क. मिलमध्ये पेढे वाटले, मॅनेजरने हात मिळवला, जॉबरने माझ्याकडे बघायचं टाळलं. प्रमाणपत्राला चौकट करून भिंतीवर लावलं, देवीच्या फोटोशेजारी. काकूंनी मला साडी दिली. मी दोन वर्षांनी पहिल्यांदा रविवारी दुपारी झोपले.

नंतर साहेब गेटवर यायचे, पण निंबाखाली न थांबता सरळ आत केबिनमध्ये जायचे. मला वाटलं वय झालं. एक दिवस सकाळी अल्लीपूरच्या गाडीतले दोघं त्यांच्या मागोमाग आत आले. मी समोरच होते. ते म्हणाले, "साहेब, तो आठ दिवस येत नाई ना, त्याची माय पडली. खुब्याचं हाड मोडलं. घरी करणारं कोनी नाई."

साहेबांनी चष्मा काढला नाही. म्हणाले, "अर्ज कुठं हाये?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याच्याबद्दल बोलत होते तो रिंग खात्यातला, जुना, सगळ्यांच्या ओळखीचा. त्यातला एक हसला, त्याला गंमत वाटली. साहेब हसले नाहीत. "त्यानं लेखी अर्ज द्यावा. सोबत डॉक्टरचा कागद." ते दोघं कामावर निघून गेले. साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, नोटीस टाइप कर.

मी म्हटलं, "साहेब, एकदा जाऊन या ना. रविवारी."

"मग चौकशीत काय सांगू? चहा प्यालो म्हणून?"

"पण आधी तर जात होता."

"आधी मले माहीत नव्हतं, बेटा." ते शांतपणे बोलत होते, राग नव्हता. "आधी कोनी विचारलं असतं तर म्हटलं असतं, गेटवरचा माणूस हाये, मले कायदा काय समजते. आता भिंतीवर लटकवलं हाये. उद्या इन्स्पेक्टर आला, मॅनेजर फिरला, तर माहीत नव्हतं म्हणता येत नाई. तूच शिकवलं ना."

आणि त्यांनी मला मजकूर सांगितला. दहा दिवसांची वाट नको, आजच निघू दे. शेवटच्या ज्ञात पत्त्यावर. पोचपावतीसह. मुदत अमुक, अन्यथा. कुठे अडखळले नाहीत, एक शब्द चुकला नाही. मी समोर बसून टाइप करत होते आणि हे सगळं माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. मला त्यांचा नाही, त्या परीक्षेचा असा राग आला की बोटं चुकीच्या कळांवर पडायला लागली. मस्टर त्या महिन्यात एकदम स्वच्छ होतं. एकही खाडाखोड नाही.

रविवारी मी अल्लीपूरच्या बसमध्ये बसले. नवऱ्याला माहेरी सिंदी मेघेला जाते म्हणून सांगितलं. घर विचारत विचारत गेले. कामगार ओट्यावरच होता, सदऱ्याच्या बाह्या वर करून भांडी घासत होता. मला पाहून उठला, हात पुसले, घाबरला. मागे भिंतीच्या खुंटीला ते पाकीट लटकवलं होतं, न फोडलेलं. पोस्टमनने सही घेतली म्हणून ठेवलं, म्हणाला. काय आहे ते वाचून घ्यायची हिंमत झाली नाही.

मी चहाला नाही म्हटलं नाही. पावसाचं विचारलं, पोरांचं विचारलं. मला ते जमत नव्हतं. मध्येच गप्प बसायचं कसं, उठायचं केव्हा, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. आत खाटेवर त्याची आई पडलेली होती, पायाला विटा लटकावून ताण दिलेला. तिने मला जवळ बोलावलं. मिलमधून आलीस का विचारलं. मी हो म्हटलं. मागल्या पोळ्याच्या वेळी साहेब इथंच बसलते, या पाटावर, असं तिने हाताने दाखवलं. मग बराच वेळ दाराकडे पाहत राहिली, जणू माझ्या मागून अजून कोणी यायचं आहे.

"आन साहेब काऊन नाई आले?" ती म्हणाली. "बिमार हायेत का?"

पास झाले, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, हो, जरा बरं नाही त्यांना.